पायाला भिंगरी

प्रत्येक घरात एखादे पोर असे असतेच की ते घटकाभर एका जागी बसत नाही. मग आजी म्हणते, "याच्या पायाला भिंगरी लागलीय हो!" आपल्याकडे ही भिंगरी बोलण्यातच राहिली. युरोपातल्या थंड मुलखात मात्र लोकांनी ती खरोखरीच पायाला बांधली. आधी हाडाची बांधली, मग लोखंडाची, आणि पुढे जिथे बर्फ नाही तिथेही घसरता यावे म्हणून चाकांची. तिला आज आपण स्केट म्हणतो.

ही भिंगरी फिरत फिरत आता विरारपर्यंत पोचली आहे. विरार स्टेशनात पूर्वेला उतरून चंदनसारच्या रस्त्याला लागावे. एका बाजूला जीवदानीचा डोंगर दिसतो, आणि पूर्वी जिथे भातखाचरे होती तिथे उंच इमारती दिसतात. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि या साऱ्या धामधुमीत गावाचे शहर होऊन गेले. मुलांना खेळायला माळ उरला नाही, पण इमारतीपुढचे फरसबंद आवार मिळाले. अशा आवारात विटीदांडू रंगत नाही. स्केट मात्र झकास पळते. म्हणून विरारकडच्या अशा वस्त्यांत संध्याकाळी चार-दोन पोरे पायाला चाके बांधून भिरभिरताना दिसतात. आणि मधूनच एखाद्याचा हात गळ्यात अडकवलेलाही दिसतो.

मूल धावते कसे हे सगळे कौतुकाने पाहतात. ते थांबते कसे, हे कोणी पाहत नाही. आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते एवढ्याचसाठी. स्केटचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास, अशी आपली समजूत असते. मला तो थांबण्याचा आणि पडण्याचा इतिहास वाटतो. जी जी सुधारणा झाली, तिच्या मागे कोणीतरी थांबू न शकलेला किंवा वळू न शकलेला माणूस उभा आहे. उभा म्हणण्यापेक्षा आडवा पडलेला म्हणा.

उत्तर युरोपात हिवाळ्यात नद्या-तळी गोठतात. गाडीवाट बंद, होडी बंद. तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी घोड्याच्या नाहीतर बैलाच्या पायाची नळी घेतली, एका बाजूने घासून सपाट केली, आणि चामड्याच्या वादीने पायाखाली बांधली. उत्खननात अशी हाडे पुष्कळ सापडली आहेत. पण या हाडाला धार नसते. ते बर्फावर नुसते सरकते, बर्फात रुतत नाही. त्यामुळे पायाने रेटा देता येत नाही. हातात लोखंडी टोकाची काठी घ्यावी लागते आणि होडी वल्हवावी तसे स्वतःला ढकलावे लागते. थांबायचे तर देवावर हवाला.

बाराव्या शतकातल्या विल्यम फिट्झस्टीफन नावाच्या लेखकाने लंडनचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराच्या उत्तरेची दलदल गोठली की तरुण पोरे पायाला हाडे बांधून तिथे जमत, हे त्याने नोंदवले. समोरासमोरून भरधाव येऊन काठ्यांनी एकमेकांना पाडण्याचा त्यांचा खेळ असे. आणि डोकी खरचटत, हात किंवा पाय मोडत, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. म्हणजे इंग्लंडातल्या या खेळाची इतकी जुनी नोंद आणि त्या खेळातल्या अस्थिभंगाची नोंद एकाच जागी सापडते. आठशे वर्षे झाली, मोडणारे हाड बहुधा तेच आहे. त्याविषयी पुढे बोलू.

हॉलंडात स्खीडाम म्हणून एक गाव आहे. तिथे लिडविना नावाची एक मुलगी होती. १३९५-९६ च्या हिवाळ्यात, पंधरा-सोळा वर्षांची असताना ती बर्फावर पडली आणि तिची बरगडी मोडली. ते दुखणे बरे झाले नाही. पुढची सदतीस वर्षे, १४३३ साली मरेपर्यंत, ती अंथरुणाला खिळून होती. पुढे रोमन कॅथलिक लोकांनी तिला संत मानले आणि बर्फावर घसरणाऱ्यांची ती रक्षणकर्ती ठरली. १४९८ साली छापलेल्या तिच्या चरित्रात एक लाकडी ठशाचे चित्र आहे. मुलगी पडली आहे, मैत्रिणी तिला सावरत आहेत, आणि मागे एक मनुष्य मजेत स्केटिंग करत चालला आहे. स्केटिंगच्या अगदी जुन्या छापील चित्रांपैकी हे एक. आणि त्याचा विषय अपघात! वसईच्या किरिस्तावांना संतांच्या कथा नव्या नाहीत, पण ही कथा त्यांच्यापैकी पुष्कळांनी ऐकली नसेल.

मधल्या काळात डच लोकांनी हाड टाकून लाकडी तळव्यात लोखंडी पाते बसवले होते. हा बदल दिसायला लहान, परंतु फार मोठा. पात्याला कड असते. पाऊल थोडे तिरपे केले की कड बर्फात रुतते आणि रेटा देता येतो. काठीची गरज संपते. आणि तेच पाऊल आडवे केले की तीच कड बर्फ खरवडते आणि माणूस थांबतो. पळवणारी आणि थांबवणारी वस्तू एकच. बर्फावरच्या स्केटचे सारे मर्म यात आहे. चाकांची स्केट निघाली तेव्हा हीच सोय हरवली, आणि ती परत मिळवायला शंभर वर्षे लागली.

शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी जाता जाता एक गोष्ट सांगतो. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून स्केट घसरते, असे जुन्या पुस्तकांत असे. माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरा पडत नाही. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले कण मुळातच सैल असतात, आणि घर्षणाच्या उष्णतेने तो थर आणखी ओला होतो, हे आता मानले जाते. वर्गात कोणी हुशार पोराने विचारले तर उत्तर तयार असावे.

अठराव्या शतकात स्कॉटलंडातल्या एडिनबरो शहरात स्केटिंगचे एक मंडळ निघाले. सभासद व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे. एका पायावर पुरे वर्तुळ काढायचे, मग दुसऱ्या पायावर. नंतर बर्फावर टोपी ठेवायची आणि तिच्यावरून उडी मारायची. एक टोपी झाली की दोन, दोन झाल्या की तीन. थोर थोर सरदार-वकील मंडळी टोप्यांवरून उड्या मारत आहेत, हे दृश्य मोठे गमतीचे असले पाहिजे. पण परीक्षेतली खोच पाहा. किती जोरात पळतोस, हे कोणी विचारत नव्हते. ताबा किती आहे, ते पाहत होते. १७७२ साली रॉबर्ट जोन्स या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने लंडनात स्केटिंगवर पुस्तक छापले. या कलेचे धडे देणारे ते पहिलेच इंग्रजी पुस्तक. तोवर लोक पाहून आणि पडून शिकत.

ताबा असला तरी एक गोष्ट स्केट करणाऱ्याच्या हातात नसते. ती म्हणजे पायाखालची जमीन. १८६७ हे साल विरारकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या वर्षी १२ एप्रिलला विरार ते मुंबईची बॅकबे अशी आगगाडी सुरू झाली. त्याच वर्षी, तीन महिने आधी, १५ जानेवारीला लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या तळ्यावर शेकडो माणसे स्केटिंग करत होती. आदल्या दिवशी बर्फ फुटून वीसएक माणसे पाण्यात पडली होती. ती सगळी वाचली. म्हणून दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आले. या दिवशी बर्फ एकदम चहूकडून फुटला. दोनशेच्या आसपास माणसे पाण्यात गेली. तळे बारा फूट खोल, अंगावर जाड लोकरी कपडे, पायाला लोखंड. चाळीस माणसे बुडून मेली. काठावर बायका-मुले उभी होती, त्यांच्या डोळ्यांदेखत.

यावर सरकारने काय केले? स्केटिंग बंद केले असते तर ते सोपे होते, आणि लोकांनी ते पाळले नसते. तसे न करता तळ्याचा तळ भरून खोली चार फुटांवर आणली. म्हणजे पुन्हा बर्फ फुटला तर माणूस कमरे-छातीइतक्या पाण्यात उभा राहील. माझ्या मते या साऱ्या इतिहासात याहून शहाणपणाचा निर्णय दुसरा नाही. माणूस पडणार हे गृहीत धरले आणि पडण्याची जागा सुधारली. हॉलंडात अकरा गावांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची बर्फावरची शर्यत आहे. १९०९ साली ती प्रथम झाली. सगळ्या वाटेवर पंधरा सेंटिमीटर जाडीचा बर्फ असल्याशिवाय ती भरवत नाहीत. तेवढा बर्फ १९९७ नंतर पडलेला नाही, म्हणून शर्यतही झालेली नाही. अवघा देश दर हिवाळ्यात वाट पाहतो, पण मोजपट्टीपुढे कोणाचे चालत नाही.

आता चाकांकडे वळू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, तेव्हा बेल्जमच्या उई गावात जॉन जोसेफ मर्लिन नावाचा तीन-चार वर्षांचा पोरगा हुंदडत होता. पुढे तो मोठा कारागीर झाला. घड्याळे, वाद्ये, यंत्रे बनवण्यात त्याचा हातखंडा. १७६० साली तो लंडनला गेला, आणि तिथे त्याने चाकांची स्केट तयार केली. सोहो भागातल्या एका मोठ्या घरी मुखवट्यांच्या नाचाचा जलसा होता. या बहाद्दराने ठरवले की पायाला चाके बांधून, सारंगीसारखे आपले व्हायोलिन वाजवत वाजवत दालनात प्रवेश करायचा. प्रवेश झाला. लोक थक्क झाले. पण दालन संपत आले तेव्हा लक्षात आले की थांबायची काही तजवीजच नाही, आणि वळायचीही नाही. समोर पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले, आणि मर्लिनसाहेब रक्तबंबाळ झाले. १८२५ सालच्या एका पुस्तकात हा किस्सा छापला आहे.

हसण्याजोगी गोष्ट खरी, परंतु मर्लिन काही मूर्ख नव्हता. बर्फावरच्या पात्याची कड आडवी करून थांबता येते. चाक आडवे केले तर ते जमिनीला चिकटते आणि माणूस तोंडावर पडतो. बरे, चारी चाके घट्ट बसवलेली असली की ती सरळ रेषेतच जाणार. शेतकरी बांधवांना हे लगेच समजेल. बैलगाडीला दोन चाके, म्हणून ती जागच्या जागी वळते. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आस फिरता नसेल तर ती सरळ जाऊन बांधावर आदळेल.

नंतर पुष्कळांनी डोके चालवले. १८१९ साली पॅरिसमध्ये पेतिब्लेद नावाच्या माणसाने एका ओळीत तीन चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. १८२३ साली लंडनच्या टायर्सने पाच चाके एका ओळीत लावली. १८४९ साली पॅरिसच्या संगीत नाटकगृहात मायरबेअरच्या नाटकात बर्फावर घसरण्याचा देखावा होता; रंगभूमीवर बर्फ आणणार कुठून, म्हणून नट-नट्यांच्या पायाला चाके बांधली. देखावा गाजला. पण वळण्याचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टन याने, १८६३ साली. वैद्याने प्रकृतीसाठी स्केटिंग सुचवले म्हणून हा गृहस्थ त्यात पडला. त्याचा मूळ धंदा लाकडी सामानाचा. त्याने पुढे दोन आणि मागे दोन अशी चाके जोडीने लावली, आणि आस व तळवा यांमध्ये रबराची गादी घातली. अंगाचा भार डाव्या बाजूला टाकला की गादी त्या बाजूला दबते, आस किंचित तिरके होतात आणि स्केट आपोआप डावीकडे वळते. नुसते झुकले की वळण. एवढ्याने चाके माणसाच्या हुकमतीत आली. त्याने न्यूयॉर्कमध्ये शिकवण्याची व्यवस्था केली, आणि १८६६ साली न्यूपोर्टमध्ये एका हॉटेलचे भोजनगृह भाड्याने घेऊन लोकांसाठी स्केटिंगचे दालन उघडले. सपाट गुळगुळीत जमीन, भोवती भिंत, आत गाड्या-घोडे नाहीत. रीजंट्स पार्कचे तळे उथळ केले त्याच जातीचा हा विचार. त्यानंतर दहा वर्षांत स्केटच्या पुढच्या टोकाला थांबण्याचा ठोकळा बसला.

१८८४ साली अमेरिकेत स्केटच्या चाकांत पोलादी गोळ्यांचे बेअरिंग बसवण्याचे पेटंट निघाले आणि वेग एकदम वाढला. बेअरिंग म्हटले की आपल्यापैकी कित्येकांना लहानपण आठवेल. गॅरेजमधून जुनी बॉलबेअरिंगे मागून आणायची, फळीला तीन जागी ठोकायची, पुढच्या आडव्या काठीला सुतळी बांधायची, आणि उतारावरून खडखडाट करत सोडायची. ती बेअरिंगची गाडी म्हणजे आपल्या गरिबीतली स्केटच होती. तिला ब्रेक नव्हता. टाचा घासून थांबायचे. मर्लिनच्या पंक्तीला आपणही बसलेले आहोत.

एका ओळीत चाके लावण्याची जुनी कल्पना पुन्हा वर आली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रांतात, १९८० च्या सुमारास. ओल्सन आडनावाचे दोन भाऊ बर्फावरची हॉकी खेळत. उन्हाळ्यातही सराव चालू राहावा म्हणून त्यांनी जुन्या नमुन्यावरून नव्या रबरी चाकांची स्केट बनवली. तिला इनलाइन स्केट म्हणतात. बूट उंच, चाके चार, आणि टाचेमागे ब्रेकची गुट्टी. आज आपल्याकडे बाजारात मुलांसाठी मिळते ती बहुतेक हीच.

आपल्या देशात बर्फ आला तो आधी पेल्यात आला. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भुशात गुंडाळून मुंबईला उतरू लागला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना पडसे झाले, अशी एक हकीगत सांगतात. बर्फावर पाय ठेवायला मात्र सिमला गाठावे लागले. तिथे १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या आयरिश गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर संध्याकाळी पाणी पसरले. रात्रीत त्याचा बर्फ झाला. आभाळ निरभ्र असेल, वारा नसेल, तर जमीन आपली उष्णता रात्रीत सोडून देते आणि पातळ पाणी गोठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दवाचे हिमकण होतात, त्यातलाच हा प्रकार. मसुरीला इंग्रजी अमदानीत चाकांच्या स्केटिंगसाठी लाकडी जमिनीचे मोठे दालन बांधले होते. आपल्या बाजूला, वसईच्या खाडीपलीकडे गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड हे उद्यान उघडले. तिथे यंत्राने गोठवलेल्या बर्फाची रिंक होती. कोकणपट्टीतल्या घामाघूम उकाड्यात बर्फावर घसरण्याची मौज अनेकांनी तिथे प्रथम चाखली. ते उद्यान २०२२ साली बंद झाले.

चाकांच्या स्केटिंगची अखिल भारतीय संघटना १९५५ साली स्थापन झाली. आशियाई क्रीडास्पर्धांत २०१० साली चीनमधल्या ग्वांगझौ येथे अनुपकुमार यामा याने एकट्याने एक आणि अवनी पांचाळ हिच्यासह जोडीने एक, अशी दोन कांस्यपदके मिळवली. नंतर २०२३ च्या २ ऑक्टोबरला हांगझौ येथे तीन हजार मीटरच्या रिले शर्यतीत आपल्या मुलांनी आणि मुलींनी प्रत्येकी एक कांस्यपदक आणले. मुलांच्या चमूत महाराष्ट्राचे विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते.

त्याच मुलांच्या शर्यतीतला एक प्रसंग शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. दक्षिण कोरियाचा शेवटचा गडी सर्वांत पुढे होता. शेवटची रेघ हातभर राहिली, आणि त्याने जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात वर केले, अंग ताठ केले. मागून येणाऱ्या तैवानच्या गड्याने पाय पुढे ताणला आणि रेघ आधी ओलांडली. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. सोने गेले. स्केटवर अंग ताठ करणे नेहमीच महागात पडते. शिकाऊ पोराला तर फारच.

कारण सगळी विद्या वाकलेल्या गुडघ्यांत आहे. उभा ताठ राहिला की माणूस मागे पडतो, आणि मागे पडला की डोके आपटते. गुडघे वाकवून, हात पुढे ठेवून, खुर्चीवर बसता बसता थांबल्यासारखे उभे राहिले की पडणे पुढे किंवा कुशीवर होते. पहिल्या दिवशी मुलाला फरशीवर नेऊच नये. गवतावर किंवा मऊ मातीच्या अंगणात स्केट बांधून नुसते चालू द्यावे. टाचा जवळ, चवडे फाकलेले, बदकासारखे. मग मुद्दाम पाडावे. म्हणजे ढकलू नये हो! त्यालाच सांगावे की खाली बस, गुडघे टेक, मग कोपरे, मग तळहात, आणि पुढे सरक. बोटे मुठीत आवर, नाहीतर दुसऱ्याचे चाक त्यावरून जाईल. उठताना एक गुडघा जमिनीवर, दुसरे पाऊल उभे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. हे दहा-वीस वेळा झाले की भीती जाते.

फिट्झस्टीफनने लिहिलेला तो मोडलेला हात इथे पुन्हा येतो. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकतो, आणि सारा भार मनगटावर येतो. १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी इनलाइन स्केटवर जखमी झालेल्यांची पाहणी केली. सर्वांत जास्त दुखापती मनगटाच्या निघाल्या. आणि ज्यांनी मनगटाचे संरक्षक पट्टे घातले नव्हते, त्यांना तशी दुखापत होण्याचा संभव घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट होता. पट्ट्यात तळहाताखाली कडक प्लास्टिकची पट्टी असते. हात जमिनीत रुतायच्याऐवजी घसरतो आणि धक्का निघून जातो. एवढीच त्याची करामत. तेव्हा पालकांना माझे आग्रहाने सांगणे आहे. पैसे कमी असतील तर स्केट थोड्या स्वस्तातल्या घ्या, दोन घरांत मिळून एक जोडी घ्या, पण मनगटाचे पट्टे, गुडघ्या-कोपरांची पॅड आणि हेल्मेट यांत काटकसर नको. हेल्मेट सायकलवाल्यांचे चालते. बापाचे मोटारसायकलचे जड हेल्मेट पोराच्या मानेला झेपत नाही. ते कपाळावर सरळ बसावे, भुवयांच्या वर दोन बोटे.

एवढे करूनही मूल पडलेच आणि मनगट सुजले, तर "मुरगळले असेल" म्हणून तेल लावून चोळू नये, ओढूनही पाहू नये. वाढत्या वयाच्या हाडाच्या टोकाशी जो मऊ भाग असतो त्याला इजा झाली तर हाताची वाढ बिघडते. जाड पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र हाताखाली ठेवावे, फडक्याने सैलसर बांधावे, हात गळ्यात अडकवावा आणि दवाखान्यात नेऊन फोटो काढून घ्यावा. हाडवैद्याकडे नंतर जायचे की नाही ते मग ठरवा. डोक्याला मार लागून मूल गुंगीत गेले, उलट्या करू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर ते झोपले आहे, झोपू द्या, असे मुळीच म्हणू नये. तडक रुग्णालय गाठावे.

जागा कोणती? जाहीर रस्ता नव्हे. चंदनसारच्या रस्त्यावरून रिक्षा, टेम्पो, पाण्याचे टँकर सारखे जातात, आणि रस्त्याच्या कडेला खडी सांडलेली असते. वाटाण्याएवढा खडा चाकाखाली आला की चाक जागीच अडते आणि वरचा माणूस पुढे जातो. इमारतीच्या आवारातही गाड्या लावण्याची उताराची वाट टाळावी. शिकाऊ मुलाला उतार म्हणजे मर्लिनचा आरसा. शाळेला सिमेंटचे पटांगण असेल तर ते उत्तम. आधी खराट्याने झाडून घ्यावे. मग गुरुजींनी खो-खोच्या मैदानाला आखतात तशी चुन्याची एक रेघ ओढावी. मुलाने दहा पावले यावे, एक पाय पुढे काढावा, चवडा उचलून टाचेची गुट्टी दाबावी आणि रेघेच्या अलीकडे थांबावे. पाच वेळा नेमके थांबता आले की वळणे शिकवावे, वळता आले की मग वेग. क्रम उलटा करू नये. पोरे उलटा करायला सांगतील.

आणि पावसाळ्यात हे सगळे बंद. ओल्या फरशीवर रबरी चाक साबणासारखे सुटते. जून लागला की स्केट पुसून, बेअरिंगना तेलाचा हात लावून माळ्यावर टाकाव्या, नाहीतर गंजतील. ऑक्टोबरात जमीन वाळली की खाली काढाव्या, बूट पायाला होतो की नाही पाहावे, कारण चार महिन्यांत पोराचा पाय वाढलेला असतो, आणि पहिला दिवस पुन्हा गवतावर घालवावा.